टाकाऊ खडकाच्या ढिगाऱ्यातून आम्लयुक्त पाझर: चुनखडीचा चर चार महिन्यांत निकामी का झाला?

पाझर_नोंद

बंद पडलेल्या तांबे-जस्त खाणीच्या टाकाऊ खडकाचा ढिगारा आहे. अंदाजे ४ लाख टन, उंची २५ मीटर, वरच्या कडेवरून ट्रक रिकामे करत रचलेला. पायथ्याशी बारमाही तांबूस-पिवळा पाझर आहे. तो ओढ्याला मिळण्याआधी ८० मीटर लांब, दीड मीटर रुंद, ४० सेंटिमीटर खोल असा चर खोदून चुनखडीने भरला. दगड ५ ते १५ सेंटिमीटरचे, एकूण साधारण ७५ टन, शुद्धता ९० टक्के. सुरुवातीला चराच्या शेवटी पीएच ४.५ च्या आसपास मिळत होता. चौथ्या महिन्यात ३.२ वर आला. दगडांवर विटकरी पापुद्रा चढलाय आणि फटींत पांढरट चिकट गाळ बसलाय.

चराआधीच्या पाण्याची तपासणी (मिग्रॅ/लि): पीएच ३.०, विरघळलेलं लोह २८०, अॅल्युमिनियम ५४, जस्त ३३, मँगनीज ११, अर्सेनिक ०.४, सल्फेट २१००. प्रवाह पाण्याच्या वाटेत आडव्या लावलेल्या पाटीतल्या ९० अंशांच्या त्रिकोणी खाचेवर मोजला, खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १५ सेंटिमीटर.

ढिगाऱ्याचा नमुना: एकूण गंधक २.३ टक्के, त्यातलं सल्फेटरूपी ०.५ टक्के. उदासीनीकरण क्षमता (खडक स्वतः किती आम्ल मारू शकतो) प्रतिटन २२ किलो कॅल्शियम कार्बोनेट.

दगड बदलून चर पुन्हा चालू करावा का? की चुन्याचं संयंत्र लागेल, आणि लागलं तर रोज किती चुना? तिसरा विचार असा की अख्खा ढिगारा शेजारच्या जुन्या खुल्या खाणीतल्या तळ्यात ढकलून बुडवून टाकावा. तो कितपत बरोबर आहे?

तुल्यभार

आकडे नीट दिलेत, त्यामुळे उत्तर गणितातच मिळतं. मात्र पीएचकडे बघून हा प्रश्न सुटत नाही, एकूण आम्लता काढावी लागते. लोह, अॅल्युमिनियम, जस्त हे धातू पाण्यातून खाली बसताना हायड्रॉक्साइड होतात आणि प्रत्येक वेळी आम्ल सोडतात. ते छुपं आम्ल पीएच मीटरला दिसत नाही.

हिशेब असा: धातूचं प्रमाण त्याच्या अणुभाराने भागायचं, संयुजेने गुणायचं, मग ५० ने गुणायचं. उत्तर कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात मिग्रॅ/लि मध्ये मिळतं. तुमच्या पाण्यात अॅल्युमिनियमचे ३००, जस्ताचे ५०, मँगनीजचे २०. पीएच ३ म्हणजे मोकळं आम्ल फक्त ५०. लोह सगळं फेरस (संयुजा २) असेल तर ५००, सगळं फेरिक (ऑक्सिडीकरण झालेलं, संयुजा ३) असेल तर ७५०. म्हणजे एकूण ९२० ते ११७०, आणि त्यातला पीएचचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास. याच पाण्याचा पीएच कोणी ४ वर आणून दाखवला, तरी काम जवळपास सगळं बाकीच असतं.

प्रवाह: ९० अंशांच्या खाचेसाठी उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात गुणिले १.३८. पंधरा सेंटिमीटरला सेकंदाला १२ लिटर, दिवसाला साधारण १०३७ घनमीटर. तेव्हा कमीत कमी ९५४ किलो आम्लता रोज त्या चरात शिरत होती.

आता चर बघा. ७५ टनांत शुद्ध कार्बोनेट ६७.५ टन. सगळी आम्लता मारत दगडाचा कण न् कण विरघळला असता तरी ७१ दिवसच पुरला असता. शिवाय चराचं घनफळ ४८ घनमीटर, त्यात पोकळी चाळीस-बेचाळीस टक्के, म्हणजे सुमारे २० घनमीटर. सेकंदाला १२ लिटर पाणी त्यातून अठ्ठावीस मिनिटांत बाहेर पडतं. चुनखडीतून पाण्याला मिळेल तेवढी अल्कता (आम्ल मारण्याची ताकद) मिळायला पंधराएक तासांचा सहवास लागतो, आणि तेवढं करूनही ती लिटरला ३०० मिग्रॅच्या फार वर जात नाही. तुमची गरज तिप्पट-चौपट आहे.

दगड मेले ते पापुद्र्यामुळे. फेरिक लोह पीएच ३.५ च्या वर गेलं की बसायला लागतं, आणि दगडाच्या पृष्ठभागालगत पीएच सर्वांत जास्त असतो, म्हणून ते बरोबर दगडावरच बसतं. पांढरा चिकट गाळ अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा. पापुद्र्याखाली दगड थोडाफार तरी विरघळत राहतो, पण अॅल्युमिनियमने फटी बुजल्या की पाणी दगडांवरून वाहून जातं. जमिनीखाली पुरलेले हवाबंद चुनखडीचे चर याच कारणासाठी फक्त अशा पाण्याला वापरतात, ज्यात विरघळलेला ऑक्सिजन, फेरिक लोह आणि अॅल्युमिनियम प्रत्येकी १ मिग्रॅ/लि च्या आतबाहेर आहे. ५४ मिग्रॅ अॅल्युमिनियम असलेल्या पाण्याला तो उपाय चालत नाही. दगड बदलले तर पुन्हा चार महिने.

तेव्हा संयंत्र. भिजवलेला चुना किती, तर आम्लतेच्या ०.७४ पट, कळीचा चुना ०.५६ पट. भिजवलेला चुना शुद्ध धरला तर दिवसाला ७०६ ते ८९८ किलो. चुन्याची शुद्धता ९० टक्के आणि त्यातला ८५ टक्केच प्रत्यक्ष कामाला येतो असं धरा, तर ९२५ ते ११७५ किलो. या दोन आकड्यांमधली तफावत फक्त फेरस-फेरिकच्या अज्ञानाची आहे. फेरस लोह जागेवरच, नमुना घेतल्या घेतल्या मोजा. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत प्रमाण बदललेलं असतं.

पाझर_नोंद

आभार, आम्लतेचा हिशेब कधी केलाच नव्हता. संयंत्रात नेमकं काय-काय लागेल आणि गाळ किती निघेल? अर्सेनिक आणि मँगनीज वेगळे काढावे लागतील का?

तुल्यभार

आधी प्रवाहाचं वरचं टोक शोधा. खाचेवरची उंची १५ ची ३० सेंटिमीटर झाली की प्रवाह दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून जास्त होतो: सेकंदाला ६८ लिटर. कोरड्या दिवसांतल्या एका मोजणीवर संयंत्र बांधलं की पहिल्या मोठ्या पावसात आम्ल सरळ ओढ्यात. वर्षभर, निदान पावसाळ्यात रोज, उंची नोंदवा. मोजपट्टी खाचेला लावू नका, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. खाचेवरच्या सर्वाधिक उंचीच्या तिप्पट-चौपट अंतर मागे लावा. संयंत्रापुढे साठवण तळं हवंच. आजच्या प्रवाहाला एका दिवसाचं तळं म्हणजे १०४० घनमीटर.

पुढची मांडणी: चुन्याचं १० ते १५ टक्क्यांचं दूध करायचं. निवळण टाकीतून परत आणलेला गाळ आणि हे दूध एका छोट्या टाकीत आधी एकत्र करायचं, आणि मग ते मिश्रण आम्लयुक्त पाण्यात सोडायचं. हा क्रम उलटा करू नका. चुना जुन्या कणांवर चढून आत गेला की नवे हायड्रॉक्साइड त्या कणांवरच बसतात, कण घट्ट होतो. नुसता चुना सोडला तर गाळ फुसफुशीत होतो, घनपदार्थ जेमतेम १ ते ५ टक्के. गाळ फिरवल्यावर २० ते ३० टक्के मिळतात. तुमच्या पाण्यातून कोरडा गाळ दिवसाला साधारण ७९० किलो निघेल, न वापरला गेलेला चुना वेगळा. तो ३ टक्क्यांचा असेल तर २६ घनमीटर, २५ टक्क्यांचा असेल तर तीनएक घनमीटर. पाच वर्षांनी गाळाला जागा कुठे, हा प्रश्न इथेच सुटतो किंवा कायमचा अडतो.

प्रतिक्रियेच्या टाकीत पीएच ९ ते ९.५ ठेवा, हवा द्या, अर्धा ते एक तास थांबवा. हवा कशासाठी? १ मिग्रॅ ऑक्सिजन ७ मिग्रॅ फेरस लोहाला पुरतो. २८० ला ४० लागतो, आणि पाण्यात स्वतःहून विरघळून राहतो तो आठ-नऊ. बाकीचा फुंकणीनेच यायला हवा. नंतर कण एकत्र गोळा करणारं ऋणभारित पॉलिमर लिटरला १ ते ३ मिग्रॅ, आणि निवळण टाकी.

जस्त या पीएचला बसतं. मँगनीज पूर्ण बसवायला दहाच्या आसपास जावं लागतं, आणि तिथे अॅल्युमिनियम परत विरघळायला लागतं. मर्यादा कडक असेल तर मँगनीजसाठी चुना वाढवू नका. लोह-अॅल्युमिनियम काढून झाल्यावर पाणी उथळ दगडी थरावरून सोडा. दगडांवर मँगनीज ऑक्साइडचा काळा थर आणि त्यातले जिवाणू उरलेलं काढतात. लोह आधी निघालं नसेल तर हा थर तयारच होत नाही.

अर्सेनिकची चिंता पाण्यात कमी, गाळात जास्त. लोह सातशे पट आहे, त्याच्याबरोबर ते खाली बसेल. पण तो गाळ सेंद्रिय कचऱ्याबरोबर किंवा ऑक्सिजन न पोचणाऱ्या जागी पुरला, तर फेरिक लोह फेरस होऊन विरघळतं आणि धरलेलं अर्सेनिक सोडून देतं. आणि गाळ उचलून याच ढिगाऱ्यावर टाकायचा मोह टाळा. त्यातला चुना संपला की जस्त पुन्हा पाझरात येतं.

सल्फेट मात्र यातून निघणार नाही. चुन्याने ते जिप्समच्या (कॅल्शियम सल्फेटच्या) विद्राव्यतेपर्यंतच उतरतं, म्हणजे दीड-दोन हजारांपर्यंत, आणि तुम्ही तिथेच आहात. उलट जिप्समची पुटं नळ्यांवर आणि पीएचच्या प्रोबवर चढतील. पुट चढलेला प्रोब उशिरा बदल दाखवतो, चुन्याची झडप त्याच्यामागे धावत राहते, आणि पीएच ७ ते ११ असा झोके खातो. अशा संयंत्रांत सर्वांत जास्त वेळा बिघडतं ते हेच. दोन प्रोब लावा, आठवड्याला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा, दोघांत ०.३ पेक्षा जास्त फरक पडला की तपासा.

खडकमाती

वरचं सगळं मान्य. पण संयंत्र किती वर्षं चालवायचं हे कोणी विचारलं नाही.

आम्ल निर्माण करण्याची क्षमता सल्फाइडरूपी गंधकावर मोजतात. २.३ मधून ०.५ वजा, म्हणजे १.८ टक्के. गुणिले ३१.२५ (एक टक्का गंधकाचं आम्ल मारायला प्रतिटन लागणारं कॅल्शियम कार्बोनेट, किलोत): प्रतिटन ५६.२५ किलो. उदासीनीकरण क्षमता २२. गुणोत्तर ०.३९. एकच्या खाली म्हणजे आम्ल होणारच, दोनच्या वर असतं तर सहसा निर्धास्त. निव्वळ तूट प्रतिटन ३४.२५ किलो, ४ लाख टनांना १३,७०० टन. आज बाहेर पडतंय वर्षाला साधारण ३५० टन. सरळ भागाकार ३९ वर्षांचा. प्रत्यक्षात वेग हळूहळू मंदावतो, त्यामुळे शेपूट याहून बरंच लांब असतं. पाझर थांबवायचा तर उगमाशीच काम करावं लागेल.

दोन शंका. ती २२ ची क्षमता कुठल्या चाचणीची? जुन्या उकळण्याच्या पद्धतीत सिडेराइट, म्हणजे लोह कार्बोनेट, आम्ल खाताना दिसतं. पण त्यातलं लोह नंतर ऑक्सिडीकरण होऊन तेवढंच आम्ल परत देतं. सिडेराइट असेल तर पेरॉक्साइडची पायरी घातलेली सुधारित पद्धत वापरा. आणि सल्फेटरूपी ०.५ टक्के जिप्सम असेल तर निरुपद्रवी, जॅरोसाइट (लोहाचा सल्फेट क्षार) असेल तर ते साठवलेलं आम्ल आहे. एका नमुन्यावर ४ लाख टनांचा निर्णय घेऊ नये. बोअर मारून उभ्या छेदात नमुने घ्या. स्वस्त चाळणी म्हणून निव्वळ आम्लनिर्मिती चाचणी: ७५ मायक्रॉनखाली दळलेला २.५ ग्रॅम नमुना, १५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २५० मिलि, प्रतिक्रिया संपल्यावर उकळून थंड करायचं. पीएच ४.५ च्या खाली आला तर खडक आम्लकारी. मोजक्या नमुन्यांना आर्द्रता-कोष्ठ लावा: एक किलो नमुना, तीन दिवस कोरडी हवा, तीन दिवस दमट, सातव्या दिवशी धुवायचं, निदान २० आठवडे. वेग त्यातूनच कळतो.

आता ढिगाऱ्याची रचना. पंचवीस मीटरच्या कडेवरून माल ओतला की मोठे धोंडे घरंगळत तळाशी जातात आणि बारीक माल वर राहतो. तळाशी धोंड्यांचा पोकळ थर तयार होतो. पायराइट म्हणजे लोह सल्फाइड, हवा-पाणी लागलं की आम्ल देणारं खनिज. त्याचं ऑक्सिडीकरण उष्णता देतं, आतली गरम हवा वर चढते आणि पायथ्यातून थंड हवा ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखंच. पीएच चारच्या खाली गेला की फेरसचं फेरिक करणं जिवाणूंच्या हाती जातं. त्यांच्यामुळे हा टप्पा लाखो पटींनी वेगवान होतो, आणि फेरिक लोह तर ऑक्सिजन नसतानाही पायराइट खातं. तापमापक साखळी बोअरमध्ये सोडा. आत बाहेरच्यापेक्षा वीस-तीस अंश जास्त दिसलं तर हवेची वाट चालू आहे.

कामाचा क्रम असा लावा. वरच्या अंगाला चर काढून स्वच्छ पाणी ढिगाऱ्यात शिरण्याआधी वळवा. सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक यानेच पडतो, आणि संयंत्राचा आकारही कमी होतो. पायथ्याचे धोंडे बारीक मालाने बंद करा, पण पाण्याला वाट ठेवून. उतार तीनास एक करा. मग आच्छादन. नुसती चिकणमाती पसरली तर ती उन्हात तडकते. दाबलेल्या बारीक थराच्या खाली आणि वर जाड वाळू-खडीचा थर हवा, म्हणजे मधला थर केशाकर्षणाने ओला राहतो. त्याची संपृक्तता ८५ टक्क्यांच्या वर टिकली तर ऑक्सिजन जवळपास अडतो, कारण पाण्यातून तो हवेच्या दहा हजारपट मंद पसरतो. त्यावर वनस्पतींसाठी माती, आणि खोल मुळांची झाडं नकोत.

आच्छादन झाल्यावर पाझर लगेच सुधारत नाही. आत साठलेले क्षार धुऊन निघायला वर्षं लागतात. या काळात संयंत्र बंद करू नका.

पाझर_नोंद

मग पाणी ऑक्सिजन इतकं अडवतं तर तळ्यात बुडवणं आच्छादनापेक्षा सोपं नाही का? आणि ढिगाऱ्याखाली एक जुना बोगदा आहे, त्यातूनही थोडं पाणी येतं. त्याचं तोंड काँक्रीटने बंद करावं का?

गाळबांध

बुडवण्याची कल्पना चूक नाही, अटी कडक आहेत. जर्मनीत रोनेबुर्गच्या युरेनियम खाणींचे ढिगारे १९९० नंतर लिख्टेनबर्गच्या खुल्या खाणीत परत भरले. सर्वांत आम्लकारी खडक सर्वांत खाली, भूजल जिथवर चढणार होतं त्याच्याखाली, आणि गरजेप्रमाणे चुना मिसळून.

चुना का, तर तुमचा खडक ताजा नाही. त्यावर जॅरोसाइट आणि लोहाचे क्षार चढलेत. तो तळ्यात ढकलला की साठवलेलं आम्ल आणि फेरिक लोह एकदम सुटतं, आणि ते फेरिक पाण्याखालीही पायराइट खात राहतं. आधी एक भाग खडक दोन भाग पाण्यात ढवळून २४ तासांनी आम्लता मोजा. सुटणारी आम्लता गुणिले टन, तेवढा चुना थर टाकतानाच मिसळायचा, नंतर वरून नाही. दुसरी अट पातळीची. सर्वांत कोरड्या वर्षातल्या सर्वांत खालच्या पातळीच्या वर खडक राहता कामा नये. ओला-कोरडा होणारा पट्टा सतत बुडालेल्या किंवा सतत कोरड्या खडकापेक्षा वाईट. तिसरी: तळ्याचं पाणी भेगांतून कुठे झिरपतं हे आधी शोधा.

एक गोष्ट निक्षून सांगतो. नैसर्गिक खळग्यात, भूजलाखाली बुडवणं वेगळं आणि बांध घालून त्यामागे पाणी उभं करणं वेगळं. रसायनशास्त्राला पाणी हवं असतं, बांधाला ते नको असतं. कॅनडातल्या माउंट पॉली इथे ४ ऑगस्ट २०१४ ला खाणीतला गाळ अडवणारा बांध पायाखालच्या चिकणमातीच्या थरात सरकून फुटला. तज्ज्ञ समितीने २०१५ मध्ये जो सल्ला दिला त्याचा गाभा हाच, की साठ्यावरचं उभं पाणी काढा. ब्राझीलमधल्या ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ ला गाळाचा साठा क्षणात द्रवासारखा वाहिला आणि २७० माणसं गेली. तो बांध आधीच्याच गाळावर पाय ठेवत वर चढवलेला होता. आम्ल थांबवायला बांधामागे दोन मीटर पाणी ठेवायची योजना कोणी दिली, तर खालच्या वस्तीच्या बाजूने ती वाचा.

बोगद्याचं तोंड घाईने बंद करू नका. मागे पाणी चढतं, ते जुन्या कोरड्या खोदकामातले क्षार विरघळवतं, आणि दुसऱ्या वाटेने बाहेर येतं. इंग्लंडमधल्या व्हील जेन खाणीचे पंप १९९१ मध्ये थांबले, पाणी चढत गेलं, आणि जानेवारी १९९२ मध्ये एका जुन्या बोगद्यातून फुटून फाल नदीच्या खाडीत गेलं. कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीत ५ ऑगस्ट २०१५ ला ढासळलेलं तोंड उकरताना मागचा दाब ओळखता आला नाही. सुमारे १ कोटी १० लाख लिटर पाणी अॅनिमस नदीला गेलं. तुमच्या बोगद्यातून पाणी कमी येतंय याचा अर्थ मागे पाणी कमी आहे असा नाही, तोंड ढासळून अडलेलंही असू शकतं. आधी वरून बोअर मारून मागची पातळी मोजा. बूच घालायचंच तर ते दाबासाठी आखलेलं, त्यात झडप आणि दाबमापक बसवलेलं, आणि सभोवतालच्या खडकात ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलेलं असावं. तोवर ते पाणी नळाने साठवण तळ्यात आणा.

तुल्यभार

बोगद्याच्या पाण्याचा नमुना पाझरात मिसळू नका, वेगळा घ्या. दोन बाटल्या: एक ०.४५ मायक्रॉनने तिथेच गाळून नायट्रिक आम्लाने पीएच २ च्या खाली आणलेली, धातूंसाठी. दुसरी न गाळलेली, आम्ल न घातलेली, काठोकाठ भरून, आम्लता आणि सल्फेटसाठी. पीएच, वाहकता, विरघळलेला ऑक्सिजन आणि फेरस जागेवर. त्या पाण्यात ऑक्सिजन, फेरिक आणि अॅल्युमिनियम तिन्ही १ मिग्रॅ/लि च्या आत निघाले, तर तुमच्या उरलेल्या चुनखडीचं काम तिथे आहे. दगड मात्र खोदून, हवा न लागू देता पुरावे लागतील आणि पंधरा तासांच्या हिशेबाने मोजावे लागतील. आकडे आले की इथे टाका.